गोचीड गवतात नाही, भिंतीत आहे: कमी विषारी उपायांनी घर आणि अंगण मोकळं करण्याची पद्धत

कुत्र्याच्या अंगावरून रोज दहा-वीस गोचिडी वेचायच्या, लॉनवर औषध मारून घ्यायचं, आणि आठवड्याभरात पुन्हा तेवढ्याच मोजायच्या. बंगला, रो-हाउस किंवा तळमजल्याच्या फ्लॅटभोवती हे चालू असेल, तर बहुतेक वेळा औषध कमी पडत नसतं. ते चुकीच्या जागी पडत असतं.

आपल्याकडे शहरात आणि गावात कुत्र्यावर सर्रास सापडते ती तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. गवताच्या पात्यावर लटकून वाट बघणं हा तिचा मुख्य धंदा नाही. पोट भरलं की ती खाली पडते आणि वर चढते. भिंत, खांब, दाराची चौकट, जिन्याखालची पोकळी, जिथे कोरडी, अंधारी, अरुंद फट मिळेल तिथे शिरते. गवत कापा, पालापाचोळा काढा, लाकडाच्या ढलप्यांचा पट्टा टाका, हे इंटरनेटवर वारंवार वाचायला मिळणारे सल्ले मुळात अमेरिकेतल्या हरणांवरच्या गोचिडीसाठी आहेत. ती रानाच्या कडेला, ओल्या पाल्यात जगते. न्यू जर्सी किंवा कनेक्टिकटमध्ये घर असेल तर ते सल्ले जरूर पाळावेत. रान आणि लॉन यांच्यामध्ये ३ फूट रुंदीचा कोरडा ढलप्यांचा पट्टा तिथे खरोखर उपयोगी पडतो. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या अंगणात मात्र तोच पैसा पुटीच्या डब्यावर घालावा.

तिचं वेळापत्रक आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. मादी कुत्र्याचं रक्त साधारण आठवडाभर पिते, फुगून राखाडी होते, तुरीच्या दाण्याहून मोठी दिसते. मग गळून पडते, फट शोधते आणि काही दिवसांनी अंडी घालायला लागते. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते, भरपूर रक्त मिळालं असेल तर ४,००० पर्यंत. अंडी घालून झाली की ती मरते. उष्णतेनुसार २ ते ५ आठवड्यांत अंडी फुटतात आणि सहा पायांची, खसखशीहून लहान पिल्लं बाहेर येतात. पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, उतरतं, फटीत कात टाकतं. मग आठ पायांचं मधलं रूप, तेही चढतं, पितं, उतरतं, कात टाकतं. शेवटी पूर्ण वाढलेली गोचीड. म्हणजे आयुष्यात तीनदा चढायचं आणि तीनदा उतरायचं, आणि मधला सगळा काळ भिंतीत काढायचा. उन्हाळ्यात-पावसाळ्यात हे चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. पूर्ण वाढलेली गोचीड रक्ताशिवाय वर्ष-दीड वर्ष तग धरू शकते, म्हणून कुत्र्याला गावी पाठवून घर रिकामं ठेवण्याने काही साधत नाही. उलट उपाशी गोचिडी माणसांकडे वळतात.

आधी शोध

रात्री नऊनंतर बॅटरी घ्या. कुत्रा जिथे झोपतो तिथे बसा आणि तिथून वर बघत जा. खाली बघण्याची सवय मोडावी लागते. पोर्चच्या खांबाचा आणि छताचा सांधा, दाराच्या चौकटीची वरची बाजू, कंपाउंडच्या भिंतीवरच्या टोपीखालची सापट, पाइपाचे क्लॅम्प, मीटरच्या पेटीचा मागचा भाग, कुंड्यांचे तळ, पायपुसणं, पायरीच्या फरशीचा सुटलेला कोपरा, आणि कुत्र्याचं लाकडी घर असेल तर त्याच्या छपराची आतली बाजू. एखादं जुनं एटीएम कार्ड फटीतून हळू फिरवा. जिवंत गोचिडी असतील तर पाय हलवत बाहेर येतात.

अंडी एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाहीत. गडद तपकिरी, चकचकीत, राजगिऱ्यासारखे दाणे एकमेकांना चिकटून ढीग होतो, आणि त्या ढिगाला टेकून सुरकुतलेली, रिकाम्या पिशवीसारखी मेलेली मादी. असा एक ढीग कागदावर खरवडून उचलला की पुढच्या महिन्यातल्या शेकडो गोचिडी गेल्या. कोणत्याही फवारणीपेक्षा हे काम मोठं आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

सापडलेल्या प्रत्येक जागेवर खडूने खूण करा. बारा आठवडे याच खुणा तपासायच्या आहेत.

गोळा केलेल्या गोचिडी बोटांनी किंवा चपलेखाली चिरडू नका. त्यांच्या रक्तातून आजार अंगावर येऊ शकतो. साध्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकल्या तरी त्या लवकर मरत नाहीत, कित्येक तासांनी चालत बाहेर येतात. बाटलीत सर्जिकल स्पिरिट घेऊन त्यात टाका, नाहीतर पॅकिंगच्या रुंद चिकटपट्टीवर चिकटवा आणि पट्टी दुमडून फेका. पिल्लांचा घोळका भिंतीवर दिसला तर चिकटपट्टीच सर्वांत उत्तम: दाबायची, उचलायची, दुमडायची.

पहिल्या दिवसाचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण उलटा केला की एक काम दुसऱ्याला मारतं.

कुत्र्याचं औषध त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे. कमी विषारी पद्धतीत खरा आधार तोच आहे. पशुवैद्यकाने वजनाप्रमाणे दिलेली फ्लुरालेनर (साधारण १२ आठवडे) किंवा अफॉक्सोलानर (एक महिना) या गटातली गोळी घेतलेला कुत्रा चालता-फिरता सापळा होतो. भिंतीतली उपाशी गोचीड त्याच्यावर चढते, चावते आणि मरते. औषध कुत्र्याच्या रक्तात राहतं, अंगणात, मातीत, मुलांच्या हाताला लागत नाही. फ्लुरालेनर जेवणाबरोबर द्यावं, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, या गटातल्या औषधांबाबत ती सावधगिरी लागते. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनचं थेंब-औषध आणूच नका. मांजराला ते जीवघेणं ठरतं, औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्यानेसुद्धा.

मग व्हॅक्यूम क्लीनर. चपट्या, अरुंद तोंडाची नळी लावून खुणा केलेल्या सगळ्या फटी ओढून काढा. पिशवी त्याच वेळी काढून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधा, मशीनमध्ये राहिली तर गोचिडी रात्रीतून बाहेर येतात. मीटरच्या पेटीच्या आत नळी किंवा फवारा घालू नका, तिथे बाहेरून कोरड्या ब्रशने झाडणं पुरेसं आहे.

कुत्र्याची गोणपाटं, चादरी, गादीचे अभ्रे उकळत्या पाण्यातून काढा. गार पाण्याच्या वॉशिंग मशीनमध्ये गोचीड जिवंत राहते. जुनं पोतं असेल तर सरळ टाकून द्या आणि पुढे एकाच पातळ, धुता येण्यासारख्या चादरीवर त्याला झोपवा.

आता फटी बुजवा, आणि हे फवारणीच्या आधी. भिंतीतल्या भेगा पांढऱ्या सिमेंटने किंवा पुटीने, चौकट आणि भिंत यांतली सापट सिलिकॉनने, पायरीची सुटलेली फरशी सिमेंटने. आत अडकलेल्या गोचिडी आतच संपतात. आधी तेलाचं पाणी मारलं की त्या तेलकट पृष्ठभागावर पुटी धरत नाही. पंधरा दिवसांत पापुद्रा सुटतो आणि त्याच्यामागे आयती नवी फट तयार होते. सगळं काम एका दिवसात उरकण्याच्या घाईत ही चूक नेहमी होते.

ज्या फटी बुजवता येत नाहीत, उदाहरणार्थ पेव्हर ब्लॉकचे सांधे, दगडी भिंत, पाण्याच्या टाकीखालचा भाग, तिथे उष्णता किंवा फवारणी. पेव्हर ब्लॉकसाठी लांब नळीच्या किटलीतून उकळतं पाणी सांध्यात अगदी सावकाश ओता. बादलीने भडाभडा ओतलं तर पृष्ठभागावर पसरून निवतं आणि आतल्या गोचिडीला फक्त कोमट अंघोळ होते. झाडाच्या मुळाजवळ आणि प्लॅस्टिकच्या पाइपांवर हे करू नका. वाफेचं मशीन असेल तर अधिक चांगलं, फक्त नोझल एका जागी काही सेकंद टेकवून मगच पुढे सरकवा.

निंबोळी तेलाची फवारणी

एक लिटरचं प्रमाण: निंबोळी तेल १० मिलि, पातळ साबण (भांड्यांचं लिक्विड चालेल) ५ मिलि, कोमट पाणी. करंज तेल मिळालं तर ५ मिलि निंबोळी आणि ५ मिलि करंज घ्या. आधी तेल आणि साबण वाटीत एकजीव करा, मग चमचा चमचा कोमट पाणी घालत फेटा. दुधासारखं पांढरं झालं की उरलेलं पाणी ओता. पाण्यात तेल ओतून वरून साबण घातला तर तेल तरंगतं: पंपातून आधी नुसतं पाणी जातं, शेवटी शुद्ध तेल येतं आणि नोझल तुंबतो. पंप दर पाच मिनिटांनी हलवत राहा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

फवारा पसरट नको, नोझल बारीक धारेवर ठेवा आणि फटीतून द्रव परत ओघळेपर्यंत मारा. अंगावर थेंब बसल्याशिवाय याचा उपयोग नाही. वेळ संध्याकाळची, कारण निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. याने गोचीड जागच्या जागी मरेल अशी अपेक्षा ठेवू नका. साबण आणि तेल लहान पिल्लांना मारतं, मोठ्यांची कात टाकणं आणि अंडी घालणं बिघडवतं. रंगवलेल्या भिंतीवर डाग पडतो, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा. वाळेपर्यंत कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा.

गोठा किंवा मोठं आवार असेल तर तेल महाग पडतं, तिथे ५ टक्के निंबोळी अर्क करा. २० लिटरसाठी १ किलो निंबोळी पावडर २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून पिळून गाळा, ४० ग्रॅम साबणाचा चुरा थोड्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि पाणी घालून २० लिटर करा. पानांचा अर्क काढण्यात वेळ घालवू नका, खरी ताकद बीमध्ये असते.

उन्हाळ्यात पावडर, पावसाळ्यात बुरशी

फेब्रुवारी ते मे, हवा कोरडी असताना डायटोमेशियस अर्थ चांगलं काम करतं. सूक्ष्म शेवाळाच्या जीवाश्मांची ही भुकटी गोचिडीच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि शोषते, मग ती सुकून मरते. मधाच्या किंवा सॉसच्या लवचीक बाटलीत भरून फटीत फुंकरीएवढा थर द्या. पांढरे ढीग घातले तर गोचीड वळसा घालून जाते. खाद्य-दर्जाची भुकटीच घ्या. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरची भाजलेली असते, तिची धूळ फुप्फुसाला फार वाईट. खाद्य-दर्जाची असली तरी नाकावर मास्क हवाच. आणि ओल लागली की ही पावडर निव्वळ चिखल होते, म्हणून तेलाच्या फवारणीच्या फटीत ही घालू नका आणि जूनमध्ये तिच्यावर पैसे घालवू नका.

पावसाळ्यात उलट गणित. तेव्हा मेटारायझियम ही बुरशी वापरता येते. पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी शेतकरी वापरतात तीच, कृषी सेवा केंद्रात मिळते. तिचे बीजाणू गोचिडीच्या कातडीला चिकटतात, रुजतात, आत शिरतात आणि काही दिवसांनी ती मरते. अमेरिकेत हिच्याच भाईबंद बुरशीचा एक वाण अंगणातल्या गोचिडींसाठी वापरला गेला आहे. आपल्याकडच्या पाकिटांवर पिकांच्या किडींसाठीच्या सूचना असतात, तेव्हा ही पूरक म्हणून धरा, मुख्य उपाय म्हणून नको. भुकटीचं नेहमीचं प्रमाण लिटरला ५ ग्रॅम, पण पाकिटावर वेगळं असेल तर ते पाळा. आधी थोड्या पाण्यात कालवून गाळा, नाहीतर नोझल तुंबतो. सावलीतल्या, ओलसर जागी, सूर्य मावळल्यावर मारा: पायऱ्यांच्या कडा, पेव्हर ब्लॉक, कुंड्यांखालची माती, कंपाउंडच्या भिंतीचा पायथा. बुरशीनाशक, गंधक, मोरचूद मारलेल्या पंपात ती घातली तर पंपातच मरते. मुदत उलटलेलं आणि दुकानाबाहेर उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका. फवारताना मास्क घाला, आणि घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेलं कोणी असेल तर हा उपाय टाळा.

चुन्याबद्दल थोडं. दगडी भिंतीला चुन्याची सफेदी द्यायची जुनी पद्धत खरंच चांगली आहे, पण चुना विष म्हणून चालतो असं नाही. दाट चुना बारीक भेगा भरतो आणि पांढऱ्या भिंतीवर चढणारी गोचीड लांबून दिसते. कळीचा चुना भिजवताना चुना पाण्यात घाला, पाणी चुन्यावर ओतू नका. तो उसळतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. सफेदी केली त्या आठवड्यात त्या जागी बुरशी मारू नका.

बोरिक पावडर, साखर घातलेली आमिषं इथे पूर्ण निरुपयोगी, कारण गोचीड रक्ताशिवाय काही खात नाही. फिनेल आणि कापराने वास येतो, गोचीड जात नाही. रॉकेल-डिझेल फटीत मारणं म्हणजे माती नासवणं आणि आगीला आमंत्रण. सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे जनावरांच्या गोचिडींवरचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ हे रासायनिक कीटकनाशक अंदाजाने बाटलीतून थेट पोर्चवर ओतलं जातं. जिथे लहान मूल रांगतं, तिथे हे कधीही करू नका.

बारा आठवडे

पहिल्या दिवसानंतर दर दोन आठवड्यांनी, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या आठवड्यात: खुणांची तपासणी, व्हॅक्यूम, उरलेल्या फटींत फवारणी. यातल्या कशानेही अंडी खात्रीने मरत नाहीत, म्हणून फुटून आलेल्या पिल्लांना पुढची कात टाकण्याआधी गाठायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीवर बारीक पिल्लांची रांग दिसते आणि घरातले म्हणतात, औषध वाया गेलं. वाया गेलेलं नसतं. ती पहिल्या दिवसाआधी घातलेली अंडी फुटलेली असतात. बहुतेक लोक नेमके इथेच हात टेकतात आणि जहाल फवारणीवाल्याला बोलावतात. चिकटपट्टी घ्या, रांग उचला आणि ठरलेल्या दिवशी फवारणी करा.

आठव्या आठवड्यानंतरही फुगलेल्या माद्या दिसत असतील तर गोळीची मुदत संपली, वजन वाढून मात्रा कमी पडली, किंवा फाटकाजवळ भटका कुत्रा झोपतो, या तिन्हींतलं एक असतं. भटक्याला हाकलून उपयोग नाही, जागा रिकामी झाली की दुसरा येतो. त्याला रोज खाऊ घालणारं कोणी असेल तर त्याच्या हातून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, हीच गोळी अन्नातून द्या. त्याच्या झोपण्याच्या जागेची भिंत आपल्या तपासणीत धरा.

घराला लागून गोठा असेल तर

गाईच्या अंगावरची नेहमीची गोचीड वेगळी. ती पिल्लू असताना चढली की तीन आठवडे त्याच जनावरावर राहून मोठी होते आणि फक्त अंडी घालायला उतरते. पिल्लं गवतावर चढतात, म्हणून इथे बांधावरचं आणि गोठ्याभोवतीचं गवत कापून ऊन पोचू देणं खरोखर कामाचं आहे. दुसरी, पायांवर पांढरे पट्टे असलेली हायलोमा, गोठ्याच्या भिंतीत लपते. तिच्यासाठी दगडमातीच्या भिंतीच्या भेगा लिंपणं, आणि छप्पर पत्र्याचं असेल, आसपास कडबा नसेल, जनावरं बाहेर बांधलेली असतील तरच फ्लेम गन फिरवणं. शेणाचा ढीग भिंतीपासून लांब हलवा. गावठी कोंबड्या गोठ्यात सोडल्या तर पडलेल्या फुगीर गोचिडी त्या आवडीने टिपतात. फवारणीच्या दिवशी मात्र त्यांना कोंडून ठेवा.

सिंधुदुर्ग आणि गोव्यात

दोडामार्ग, सत्तरी या पट्ट्यात रानाला लागून घर असेल तर वरचं सगळं करूनही एक गोष्ट वेगळी पाळावी लागते. तिथे माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा आजार रानातल्या हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडींमधून येतो, आणि ती खरोखर पालापाचोळ्यात, झुडपांत राहते. डिसेंबर ते मे हा जोखमीचा काळ, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. रानातला पाला गोठ्यात अंथरायला आणू नका, बागेत जाताना पूर्ण बाह्या, पायमोजे आणि आरोग्य केंद्राने दिलेलं प्रतिबंधक तेल वापरा, परत आल्यावर कपडे उकळा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. त्या जागेभोवतीची फवारणी त्यांचं काम आहे, इथे निंबोळी तेलावर विसंबू नका.

माणसाला चिकटलेली गोचीड काढायला अरुंद टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी टेकवून पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. काडीचा चटका, व्हॅसलीन, रॉकेल यांनी ती उशिरा सुटते आणि तोवर जखमेत लाळ सोडत राहते. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "गोचीड चावली होती, अमुक तारखेला." गोचीड-टायफस म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या तापासाठी डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध आहे आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं चांगलं.